पंचाचा रोज

४ जानेवारी, रविवार
कळमनुरीकडच्या एका गावात मेंढीकोटची, पत्त्यांची स्पर्धा होती. सकाळपासून दिवे लागेपर्यंत टेबलाशी बसलो. पाठ अवघडून गेली. शेवटी शाल, नारळ आणि "पंचांचे विशेष आभार". मंडपवाल्याला पैशे, माईकवाल्याला पैशे, चहावाल्यालाही पैशे. आम्हा चार पंचांना शाल. घरी बायको, संगीता, म्हणाली, "आता या शालींचे परकर शिवू का?" बोलता बोलता हसली, पण खरंच विचारत होती.

दुपारी एका जोडीविरुद्ध निकाल दिला म्हणून एकानं आमच्यातल्या मारोतरावांची कॉलर धरली. साठीचा माणूस. कुरुंद्याला हळद पिकवतात, गावात मान आहे. कोणी उठलं न्हाई. आयोजक म्हणे, "चालायचंच, खेळ हाय."

परत येताना मारोतराव मोटारसायकलवर माझ्यामागं बसले होते. फाट्यावर उतरल्यावर बोलले. सेमीफायनलच्या आधी त्यांच्या खिशात कोणीतरी काहीतरी सारलं होतं आणि त्यांनी ते काढून परत दिलं न्हाई.
"ते तिकडून देऊन राहिले, हे हिकडून देत न्हाईत. माणसानं काय करावं गौतमराव?"
मला त्यांचा राग आला न्हाई. याचंच जास्त वाईट वाटलं.

७ जानेवारी, बुधवार
माझ्या शिलाईच्या दुकानात चौघं पंच जमलो. शटर अर्धं खाली, जसं काही चोरी करतोय. ठरलं ते असं. वारंगा फाट्याला पंपवाल्या आबांची मोठी स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस मोटारसायकल. तिथं आधीच सांगायचं: पंचाला दिवसाचा रोज द्या. एका दिवसात मी मशीनवर जे कमावतो तेवढाच. जास्त न्हाई. चौघांना सारखा. आणि कोणत्याही जोडीकडून पानसुपारीसुद्धा घ्यायची न्हाई.

आता आबांना सांगणार कोण? सगळे माझ्याकडं बघायला लागले.
"तुमाला बोलता येतं."
बोलता येतं हे खरं. पण आबांच्या दारात बोलायला जायचं म्हणजे... उद्या काही बिनसलं तर बाकीच्या तिघांची शेती आहे, भावकी आहे, मागं गाव आहे. माझं औंढ्यात भाड्याचं दुकान आणि एक पायमशीन. बौद्धवाड्यातला टेलर लई बोलायला लागला, असं म्हणायला वेळ लागत न्हाई.
तरी व्हय म्हणालो. काहून म्हणालो ते कळत न्हाई. मारोतरावांची कॉलर डोळ्यासमोर होती.

९ जानेवारी, शुक्रवार
आबांकडं जाऊन आलो. टिप्पर, पेट्रोल पंप, ढाबा, सगळं त्यांचंच. पंपाच्या मागं ऑफिस. मला वाटलं होतं उभं ठेवतील. त्यांनी स्वतः खुर्ची सरकवली. "बसा टेलर." चहा मागवला. तिथंच माझं अर्धं अवसान गेलं.

सगळं ऐकून घेतलं. मग, "किती?"
सांगितलं.
"एवढंच?" हसले. "देतो. बराबर हाय तुमचं. काम केलं की दाम पायजे."
मी उठायला लागलो तर म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. पत्ते हायेत हे. आज लोक खेळ म्हणतेत, उद्या कोणी जुगार म्हणल. जुगारात पंचानं पैशे घेतले म्हणल्यावर ठाण्यात पहिलं नाव कोणाचं येईल?"
मी परत खुर्चीवर बसलो.
"तुमची पोरगी लागली म्हणे पोलिसात. गुणाचं लेकरू. पडताळणी राहिलीय ना अजून?"

प्रज्ञाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं. राहिली ती चारित्र्य पडताळणी. औंढ्यात पेढे वाटले होते, म्हणजे कळलं असेल कोणाकडून. एवढंच असेल.
चहा प्यालो. चव कळली न्हाई.

१० जानेवारी
मागं खोल गळ्याचं ब्लाउज चुकून पुढं खोल कापलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. कापड भरून द्यावं लागेल. घरात अजून काही सांगितलं न्हाई.

१२ जानेवारी, सोमवार
सांगितलं. संगीतानं ताटातली भाकर तशीच ठेवली.
"सोडून द्या ते पत्ते. पोरीचं होऊन जाऊ द्या आधी."
प्रज्ञा म्हणाली, "बाबा, कामाचा रोज मागणं गुन्हा हाय का?"
"न्हाई."
"मग?"
पैज न लावता खेळलेले पत्ते गुन्हा न्हाईत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. परीक्षेला कायदा वाचलाय तिनं. पण पुस्तकातला कायदा आणि फाट्यावरचा...
ती पहाटे अजून धावायला जाते. आता गरज न्हाई, तरी जाते. ती परत येईपर्यंत मी दारात उभा राहतो. हे नवीन सुरू झालंय.

१७ जानेवारी, शनिवार
उद्यापासून आबांची स्पर्धा. उद्या पहिल्या फेऱ्या, पुढच्या रविवारी फायनल. दुपारी त्यांचा माणूस दुकानात आला, चार पाकिटं घेऊन. तिघांची सारखी. माझं जाड.
"हे काहून?"
"आबा म्हणले तुमी मुख्य पंच."
"चौघांना सारखं ठरलंय."
"ते मला काय माहीत? मला द्यायला सांगितलं." गाडीवर बसून गेला पण.
मोजले न्हाईत. हातालाच कळलं. कपाटात शालींच्या खाली ठेवलं. नंतर वाटलं तिथं नको. मशीनच्या खणात ठेवलं. तिथंही नको वाटलं. घरात साप शिरल्यासारखं झालंय. कुठं आहे ते माहीत असूनही भीती, आणि दिसेनासं झालं तरी भीती.

१८ जानेवारी, रविवार
पाकीट घेऊन गेलो, जास्तीचे परत करायला. आबांभोवती माणसंच माणसं. "नंतर टेलर, नंतर." खांद्यावर थोपटलं.

पण दिवस चांगला गेला, हे लिहायला पाहिजे. पहिल्यांदाच आम्ही चौघं ताठ बसलो. कोणी चहा आणला तर आम्हीच पैशे दिले. एका जोडीतला माणूस मारोतरावांशी लगट करून राहिला, हात खिशाकडं नेला. मारोतरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ठेव तिकडंच. आज मी रोजावर हाय." आजूबाजूचे हसले. तो माणूस ओशाळला. नंतर कोणी तसं केलं न्हाई. दिवसभरात एकही भांडण न्हाई.
मारोतरावांचा चेहरा बघत होतो. एवढ्याशानं माणूस किती सरळ होतो.
फक्त माझ्याच खिशात ते जाड पाकीट. त्यांना सांगितलं न्हाई. सांगायला पाहिजे होतं.

२१ जानेवारी, बुधवार
पप्पू आला होता दुकानात. आबांचा मेव्हणा. त्याची जोडी फायनलला आलीय. शर्टाचं कापड टेबलावर टाकलं.
"शिवून ठेवा."
टेप हातात घेतली तर म्हणाला, "मापाची काय गरज? माप कळलंय तुमाला." आणि पाठीमागं लटकवलेल्या कपड्यांकडं बघत राहिला. प्रज्ञाचा ड्रेस होता तिथं, फॉर्मच्या फोटोसाठी शिवलेला.
"फायनलला भेटूच."
कापड तसंच पडलंय. हात लावायचं धाडस होत न्हाई. शिवलं तर त्यांचं अजून काहीतरी घेतल्यासारखं. न शिवलं तर...

संध्याकाळी मारोतरावांना फोन करून पाकिटाचं सांगितलं.
"बरं झालं सांगितलं," म्हणाले. "माझ्या कानावर आलंच होतं. आबांची पोरंच सांगून राहिली, टेलर आपला हाय म्हणून."

२४ जानेवारी
ताप न्हाई पण अंग गरम. संगीता म्हणते जाऊ नका, आजारी म्हणून कळवा. मारोतराव म्हणतात, तुमी न्हाई आले तर मीबी येत न्हाई. मग बाकीचे दोघंही येणार न्हाईत, आणि आमच्या जागी आबांचीच माणसं बसतील.
जायचं ठरवलंय.

२६ जानेवारी, सोमवार
कालचं आज लिहितोय.

फायनल. ढाब्यामागचं मैदान, मंडप तुडुंब. एका बाजूला पप्पू आणि त्याचा जोडीदार. दुसऱ्या बाजूला जवळा बाजारचे दोघं चुलत भाऊ, वीटभट्टीवर कामाला आहेत. दोघांच्या नखात लाल माती. सकाळीच माईकवरून नियम वाचून दाखवले होते. त्यात हाही: उतारीच्या, म्हणजे पहिल्या टाकलेल्या पानाच्या, रंगाचं पान हातात असताना हुकूम मारला, तर तो डाव समोरच्यांचा.

शेवटचा डाव. ज्याला दस्से जास्त त्याचा डाव; दोन दस्से पप्पूकडं, एक भावांकडं. राहिला बदामाचा दस्सा. थोरल्या भावानं बदामाचा एक्का टाकला. पप्पूच्या जोडीदारानं बदामाची दुर्री. धाकट्यानं एक्क्यावर निर्धास्त दस्सा ठेवला. शेवटी पप्पूचं पान. त्यानं हुकमाची तिर्री मारली आणि दस्सा ओढला. तीन दस्से. जिंकला.

मंडपात एकच गोंधळ. फटाके. लोक खुर्च्यांवर चढले. अजून हातातली पानं संपायची होती, तेवढी नावापुरती टाकून राहिले. कोणी बघत नव्हतं. भाऊसुद्धा मान खाली घालून टाकत होते. त्यात पप्पूच्या हातून बदामाची सत्ती पडली. पडली की लगेच त्यानं वरून हात फिरवून ती ढिगात सारली.

मी पाहिली.
त्यानं माझ्याकडं पाहिलं. आणि हसला. ओळखीचं हसला.

मी "थांबा" म्हणालो. आवाजच निघाला न्हाई. खरं सांगायचं तर त्या क्षणाला मला वाटलं, चला, बोललो होतो, कोणाला ऐकू गेलं न्हाई, आपण मोकळे. सगळं उरकलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं. प्रज्ञा नोकरीला लागली असती.
शेजारी मारोतराव. त्यांनी सत्ती पाहिली नव्हती. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"
मग परत म्हणालो. या वेळी माईकवाल्यानंही ऐकलं.
"थांबा. ढीग उलटा करा."

उलटा केला. बदामाची सत्ती वर आली. फटाक्यांचा धूर तेवढा राहिला, बाकी सगळं शांत. ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते हायवेवरचे.
पप्पू म्हणाला, "चुकून झालं." मग उठून माझ्या अगदी जवळ आला. "टेलर, कोणाचं खाता?"
मी टेबल धरून उभा राहिलो.
मारोतराव उठले. "डाव जवळा बाजारचा," म्हणाले. बाकीचे दोघं पंचही उठले. "डाव त्यांचाच."

मला वाटलं आता मार पडतो. तेवढ्यात आबांनी माईक घेतला.
"पंचांचा निर्णय अंतिम!"
टाळ्या. त्यांनी मोटारसायकलची चावी स्वतः त्या भावांच्या हातात दिली. थोरला रडायला लागला. धाकटा सीटवरचं प्लास्टिक फाडायला तयारच होईना. मग आबा माझ्याकडं आले, मला मिठी मारली, फोटो काढला. मिठीत कानाशी हळूच म्हणाले, "लई इमानदार हात तुमचे. बरं झालं. नंतर बोलू."
हात पाठीवर होता तो बराच वेळ काढला न्हाई.

हायवे टाळून शिवारातून परतलो. उन्हं कलली होती. जागोजागी हळद शिजवणं चालू, वाफेचा वास. मागून एक पिकअप येत होती. आम्ही हळू झालो की ती हळू. मारोतराव मागं वळून बघत होते. एका फाट्यावर ती वळून निघून गेली. हळदीची पोती घेऊन चाललेला कोणी शेतकरी होता.
आम्ही दोघंही हसलो न्हाई.

२८ जानेवारी, बुधवार
काहीच झालं न्हाई. काल न्हाई, आज न्हाई. दुकानासमोर गाडी थांबली की मशीन आपोआप थांबते. आज दिवसभरात किती गाड्या थांबल्या. औंढ्याला दर्शनाला आलेले लोक, फॉल-पिकोच्या बाया.
एका बाईनं विचारलं, "भाऊ, बरं न्हाई का?"

२९ जानेवारी, गुरुवार
मारोतरावांना घेऊन आबांकडं गेलो. माझा रोज काढून घेतला, बाकीचे टेबलावर ठेवले.
"हे जास्तीचे, आबा."
"जास्तीचे कोणते?"
"तुमच्या माणसानं..."
"टेलर, तुमी मागितले, मी दिले." आवाज अगदी मऊ. "माझ्या पोरांसमोर दिले. आता परत आणून ठेवले तर लोक काय म्हणतेल? आबानं पंच विकत घ्यायला पैशे दिले होते, असं म्हणतेल. माझ्यावर असा डाग लावता?"
मारोतराव म्हणाले, "डाग कोणी लावत न्हाई. ठरलेलं ते ठेवलं, वरचं परत."
"मारोतराव, तुमी शेतकरी माणूस, हळद बघा तुमची. कोणाच्या मागं किती उभं राहायचं ते बघून राहावं."
त्यांच्या माणसानं पैशे उचलून माझ्याच पिशवीत टाकले. मी बघत राहिलो.

बाहेर आल्यावर मारोतरावांनी विचारलं, "भ्या वाटतं का?"
"लई."
"मलाबी." मग म्हणाले, "आपून मागितलं ते वाकडं नव्हतं गौतमराव. ते जाड पाकीट त्याचं हाय, आपलं न्हाई."

१ फेब्रुवारी, रविवार
समोरच्या चहावाल्यानं बोलावून घेतलं. हळू आवाजात: सकाळी एक हवालदार येऊन गेला. माझ्याबद्दल विचारत होता. टेलर पत्त्याच्या धंद्यात आहे का? चहावाला म्हणाला, पंच हाय. पैशे घेतो का? "म्या म्हणलं, मला काय माहीत साहेब."
मी विचारलं, "प्रज्ञाबद्दल विचारलं का?"
"तेबी विचारलं. पोरगी कशी हाय, घर कसं हाय."
म्हणजे पडताळणीचा असेल. पडताळणीला असंच विचारतात. पण पत्त्याचं त्याला कोणी सांगितलं? प्रत्येक मुलाच्या बापाचं असंच विचारतात का? कोणाला विचारावं?
प्रज्ञाला सांगितलं. संध्याकाळी तिनं स्वतःचे बूट धुऊन उन्हं गेलेल्या भिंतीवर वाळत घातले. नंतर म्हणाली, "बाबा, मी आत लागल्यावर मलाबी असंच विचारायला लावतील का?"

३ फेब्रुवारी, मंगळवार
प्रज्ञाचं म्हणणं, आपणच ठाण्यात जायचं. लपवून ठेवलं तर ते पैशे आपले होतात. संगीता कडाडली. "आपल्या पायानं जाऊन सांगायचं? ऐकणार कोण? त्यांचं ऐकतील का आपलं?" तिचं चुकत न्हाई. तिच्या भावाला एकदा ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं होतं, तक्रार द्यायला गेला तर. मग ती रडली. तिला रडताना बघून मला वाटलं ते पैशे विहिरीत टाकावेत.
विहिरीत टाकूनही ते माझेच राहतील.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गेलो. प्रज्ञा आणि मारोतराव सोबत. बाकावर बसवलं.
साहेबांनी ऐकलं. "तक्रार हाय का कोणावर?"
"न्हाई साहेब."
"मग काय पायजे?"
"हे वरचे पैशे माझे न्हाईत, एवढं कुठंतरी..."
ते हसले, वाईट हसले न्हाई. "इथं पैशे परत करायला कोणी येत न्हाई हो." मग प्रज्ञाकडं बघितलं. "यादीत नाव हाय ना तुमचं?"
"हो सर."
"वडिलांना कोणी हा सल्ला दिला?"
"मीच सर."
साहेबांनी पैशे घेतले न्हाईत. माझं नाव, फोन घेतला. "वर विचारून कळवतो."
काय कळवणार, कधी, कोणाला. काही सांगितलं न्हाई. बाहेर आल्यावर प्रज्ञाच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई. तीच म्हणाली, "चला, भूक लागली."

६ फेब्रुवारी
वसमतकडच्या एका गावाहून फोन. रविवारी त्यांची स्पर्धा. "तुमचा वारंग्याचा निकाल ऐकला. चौघं या. रोज किती ते सांगा, सकाळी माईकवर सगळ्यांसमोर जाहीर करू आणि सगळ्यांसमोरच देऊ. आमच्या पोरांनीच ठरवलंय तसं."
जे मागत होतो तेच. मारोतराव आणि बाकीचे दोघं तयार. मी अजून काही बोललो न्हाई. ठाण्यातून फोन आला न्हाई.
संगीतानं डबा किती जणांचा करू विचारलं. म्हणजे तिनं ठरवलं.

८ फेब्रुवारी, रविवार
जेवणाची सुट्टी आहे. शाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय.

सकाळी खरंच माईकवर सांगितलं. पंचांचा रोज अमुक, चौघांना सारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. म्हातारे मान हलवून राहिले. मारोतरावांनी डोळ्याला रुमाल लावला, म्हणाले धूळ गेली. मला वाटलं आता जरा श्वास येईल.
मग उद्घाटक म्हणून नाव पुकारलं. आबा. गाडीतून उतरले, पांढरेशुभ्र कपडे, सगळ्यांना नमस्कार. नारळ फोडला. आयोजक पोरांना विचारलं तर म्हणाली, "त्यांनीच फोन करून येतो म्हणले, न्हाई कसं म्हणायचं?"
पहिल्या रांगेत बसलेत. सकाळपासून उठले न्हाईत. माझ्याच टेबलासमोर. प्रत्येक डावाला माझ्या हातांकडं बघतात. मधे एकदा पाण्याची बाटली पाठवली. मी न उघडता तशीच ठेवली.

फोनवर प्रज्ञाचे मिस कॉल. एक न्हाई, पाठोपाठ; ठाण्यातून काही कळलं असेल. इथून लावतोय तर लागत न्हाई. गावात रेंज येते-जाते म्हणे, टाकीवर चढलं तर टिकते.
पोरं म्हणताहेत दुपारचे डाव सुरू करा. मारोतरावांनी हाक मारली. टाकी शाळेच्या मागं आहे. आधी टाकीकडं जाऊ की टेबलाकडं?